धुतलेलं अंगण

रुखमाबाईंनी सगळं घर धुऊन काढलं होतं.

मयुरा अंगणाच्या तोंडाशीच थबकली. मागच्या खेपेला ती नुसती बघायला आली होती, तेव्हा ओट्यावर बोट फिरवलं की रेघ उठत होती आणि तुळशीची पानं काळी होती. तेच तिला फिल्ममध्ये हवं होतं. गावाजवळच्या कोळशाच्या डेपोबद्दल सोमवारी नागपुरात जनसुनावणी होती आणि तिथे तिची छोटी फिल्म दाखवली जाणार होती. शूटिंगला येतोय, असं तिने काल फोनवर कळवलं होतं.

आज तुळस हिरवीगार होती. फरशीवर ठसठशीत पांढरी रांगोळी होती. येताना पाहिलं, तर साऱ्या गल्लीनेच अंगणं धुतली होती.

"मावशी, धूळच तर दाखवायची होती आपल्याला."

"घरी कॅमेरावाले येनार, अन् मी घाण ठेवू?"

कॅमेरा तिवईवर चढवत अंकित पुटपुटला, "मग मी काय शूट करू? रांगोळी?"

रुखमाबाईंनी मयुराला बाजूला घेतलं. "कळमेश्वरचे पाहुणे येऊन राहिले रविवारी, आमच्या पोराले, गोलूले पाहाले. मागची पोट्टी 'मी कोळशात नाही नांदत' म्हनून गेली. आता यायनं मोबाइलवर माह्या घरची धूळ पाहिली, तं झालंच मंग. तुले काय पाहिजे ते मी बोलते वं. पन घर चांगलं दिसू दे."

अंकितने फाटकाबाहेर नजर टाकली. "रस्त्यावर धुळीचा ढीगच पडलाय. मूठभर आणून टाकू का?"

"नको," मयुरा म्हणाली.

रुखमाबाई हसल्या. "टाकाची काहून गा? बसा. चहा होऊस्तोवर येते थे आपल्या पायानं."

आत गेल्यावर त्यांनी दार लावून घेतलं. कपांवर बश्या झाकून चहा आला. बाहेरून ट्रक जात होते. एक गेला की दुसरा. भांड्यांच्या फळीवरचे पेले हलके वाजत होते. रुखमाबाई मधेच उठून बाहेर गेल्या, ओटा पुसून आल्या आणि पुन्हा दार लावून बसल्या.

चहा संपवून अंकित अंगणात आला आणि त्याने कपाळावर हात मारला. कॅमेरा चालूच राहिला होता. त्याने तो तिवईसकट उचलून सावलीत आणला. जिथे तिवई उभी होती, तिथे फरशीवर पायांपुरत्या स्वच्छ खुणा उरल्या.

त्याने चित्रीकरण मागे नेलं. तिघं छोट्या पडद्यावर वाकली.

अंगण. तुळस. एक ट्रक गेला. रांगोळीची पांढरी रेघ मळकी झाली. आणखी ट्रक गेले. रांगोळी दिसेनाशी झाली, मग तुळस अंधूक झाली, आणि कॅमेऱ्याच्या काचेवरच करडा थर चढत गेला. मग त्या थरापलीकडे रुखमाबाईंचा चेहरा जवळ आला. ओटा पुसावा तशी त्यांनी पदराने काच पुसली. क्षणभर पदराचं टोक समोर दिसलं, काळंभोर. मग अंगण पुन्हा स्पष्ट दिसलं.

अंकितने चित्र तिथेच थांबवलं.

"हे दाखवनार तू?" रुखमाबाईंनी विचारलं.

"तुम्ही नको म्हणालात, तर आत्ता काढून टाकते."

रुखमाबाईंनी पदराचं टोक हातात घेतलं, उलटंसुलटं करून पाहिलं. रस्त्यावर हॉर्न वाजला. त्यांनी मान वर केली नाही.

"माह्यं तोंड कापता येते का त्याच्यातून?"

"येतं."

"अंगन?"

"तेही येतं. मग नुसता पदर राहील."

"राहू दे मंग. पदरावरून कोन वळखते? या गल्लीत सगळ्याइचेच असे हायेत."