मागची काच
पिकअपच्या केबिनची मागची काच फुटली म्हणून अय्याज आणि तनवीर दोघे भाऊ पुसदच्या गॅरेजात आले. “फिक्स काच बसवू ना?” मिस्त्रीने विचारलं. “नाही, सरकती,” तनवीर लगेच म्हणाला. अय्याज गाडी चालवायचा, तनवीर मागे कोंबड्यांच्या पिंजऱ्यांपाशी बसायचा. दोघांचा चहा, गप्पा, भांडणं, सगळं सरकत्या काचेतूनच चालायचं. मिस्त्री गोंधळला. “पण अय्याजभाई, तुमी तं फोनवर फिक्स सांगतली.” अय्याजने मान खाली घातली. “नव्या मालकाले फिक्स पाह्यजे. गाडी इकली मी.” गाडी दोघांनी मिळून घेतली होती. “घरी कोणाकोणाले माहीत हाये?” तनवीरने विचारलं. “तुले सोडून सगळ्यायले.” सकाळी डबा देताना अम्मीने आपल्याकडे का पाहिलं नाही, ते त्याला आता कळलं. “फिक्सच बसवा,” तो मिस्त्रीला म्हणाला आणि एकटाच बसस्टँडकडे चालू लागला.