सहीचा चौकोन

"तो मॅक बंद कर," सुनेत्रा म्हणाली. "मला मिहिरचा लॅपटॉप दे."

नोकरीची टेस्ट सुरू व्हायला वीस मिनिटं होती. दत्तप्रसादच्या हातातला चहा हातातच राहिला. तीन दिवस खपून त्याने तो मॅक बायकोसाठी सजवला होता. कोड लिहायचा एडिटर त्याच्या पसंतीचा, म्हणजे अर्थातच सर्वोत्तम. अर्धा शब्द टाइप केला की उरलेला तोच भरायचा, चुकलं की खाली लाल रेघ मारायचा. विंडोजवर कुठला एडिटर घ्यावा, लिनक्सवर कुठला, हे मेलबर्नच्या ग्लेन वेव्हर्ली उपनगरातली अर्धी मराठी मंडळी दत्तालाच विचारत. लॉकडाउन लागून सगळे घरून काम करू लागले, तेव्हापासून तर त्याच्या फोनला उसंत नव्हती. आणि घरच्याच माणसाला त्याचा सल्ला नको होता.

मिहिरचा, म्हणजे मुलाचा, लॅपटॉप शाळेने दिलेला. त्यावर शाळेच्या परवानगीशिवाय नवीन काही टाकता येत नसे. लिहायला होतं ते साधं नोटपॅड, ज्यात लोक किराण्याची यादी करतात.

"अगं, त्यात काहीच नाहीये," दत्ता म्हणाला.

"म्हणूनच. तुझा एडिटर मला विचार करू देत नाही. माझं वाक्य तोच पुरं करतो."

घरात हे काम आणखीही एक जण करत होता, पण ते ती बोलली नाही.

लग्नाआधी आणि नंतरही काही वर्षं सुनेत्रा पुण्याच्या एका पॉलिटेक्निकमध्ये प्रोग्रामिंग शिकवत होती. मग मेलबर्न आलं, मग मिहिर आला. बारा वर्षं गेली. कुठेही अर्ज केला की लोक त्या बारा वर्षांवर येऊन अडत. मधल्या काळात काय केलंत, असं विचारत आणि उत्तर ऐकून गोड हसत. कितीतरी नकारांनंतर ही पहिली टेस्ट मिळाली होती. हीही हुकली तर पुन्हा अर्ज करायचा नाही, असं तिने ठरवून टाकलं होतं. दत्ताला ते माहीत होतं, म्हणून तर त्याचा जीव टांगणीला लागला होता.

साडेतीनला स्क्रीनवर हेलन आली. टीमची प्रमुख. तिने काम समजावलं. दवाखान्यांत लशीच्या अपॉइंटमेंट द्यायच्या, पण एकच वेळ दोघांना जाता कामा नये, असा प्रोग्राम लिहायचा. मशीन तुझं, एडिटर तुझा. झालं की कंपनीच्या वेबपेजवर चिकटवायचा, तिथे तो चालून दिसेल. वेळ पंचेचाळीस मिनिटं. तोवर सुनेत्राची स्क्रीन हेलनला दिसत राहणार होती.

पाच मिनिटं गेली. स्क्रीन कोरी. दहा गेली. कोरी. दत्ता स्वयंपाकघराच्या दारात देव पाण्यात घालून उभा होता. त्याची पद्धत म्हणजे पी हळद नि हो गोरी. दोन ओळी लिहायच्या, चालवून बघायच्या, आपटल्या की दुरुस्त करायच्या. ही बाई कीबोर्डला हातच लावत नव्हती. मान खाली घालून कागदावर काहीतरी लिहीत होती. विसाव्या मिनिटाला हेलनलाही राहवलं नाही. सगळं ठीक आहे ना, तिने विचारलं. सुनेत्राने मान वर न करता हो म्हटलं. दत्ताने कपाळाला हात लावला.

पंचविसाव्या मिनिटाला तिने लॅपटॉप पुढे ओढला. कागद शेजारी ठेवला आणि बघून बघून टाइप केलं. ना कुठे थांबली, ना काही खोडलं. मग सगळं उचलून कंपनीच्या पेजवर चिकटवलं आणि बटण दाबलं.

प्रोग्राम पहिल्या फटक्यात चालला. वीस वर्षांच्या नोकरीत दत्ताचा एकही प्रोग्राम पहिल्या फटक्यात चालला नव्हता.

 हेलनने तो कागद बघायला मागितला. सुनेत्राने तो कॅमेऱ्यासमोर धरला. डावीकडे समास, निळी शाई, ओळींना आकडे. खाली उजव्या कोपऱ्यात एक रिकामा चौकोन.

हा कशासाठी, हेलनने विचारलं.

"सहीसाठी," सुनेत्रा म्हणाली. "आमच्याकडे प्रॅक्टिकल परीक्षेत प्रोग्राम आधी कागदावर लिहायचा. परीक्षक वाचणार, सही करणार. सही असल्याशिवाय मशीनवर बसायचं नाही. मुलं साठ आणि मशीन बारा असायची. अशा हजारो सह्या मी केल्यात."

"आमच्याकडे मशीन भरपूर आहेत," हेलन म्हणाली. "सही करणारं कोणी नाही. सोमवारपासून येशील?"

स्वयंपाकघराच्या दारात दत्ताचा ऊर भरून आला. डोळ्यांतल्या पाण्याला निमित्त म्हणून त्याने कांदा शोधला, तोही मिळाला नाही. तसाच बाहेर आला आणि तिच्या खुर्चीमागे उभा राहिला. त्याला बायकोचा फार अभिमान वाटला, आणि आपण इतकी वर्षं हिला शिकवायला निघालो होतो याची थोडी लाजही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुनेत्रा टेबलाशी बसून नव्या नोकरीचे कागद भरत होती. दत्ता समोर येऊन उभा राहिला. ऑफिसचा एक प्रोग्राम चार दिवस त्याला छळत होता. हातात फूलस्केप होता. डावीकडे समास आखलेला, ओळींना आकडे, खाली उजवीकडे चौकोन.

"मॅडम, सही हवी होती," तो म्हणाला. "म्हणजे मशीनवर बसतो."

आधी तिला हसू आलं. मग तिने चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं. दत्ता खरोखरच हात मागे बांधून उभा होता. तिने मिहिरच्या कंपासमधलं लाल पेन घेतलं, सातव्या ओळीभोवती गोल काढला आणि कागद परत केला.

"पुन्हा लिहून आण."