नाकाची नोकरी

"बाहेर पळा! वास येतोय!" मयेकरकाका ओरडले, तेव्हा बाकी कुणालाच काही जाणवलं नव्हतं. तरी सगळे पळाले. काकांचं नाक कधी चुकत नसे.

बंदरावरचा हा बर्फाचा कारखाना साठ वर्षं जुना. पाइपांतून अमोनिया गळू लागला तर सांगायला यंत्र नव्हतं, काका होते. पण गेल्या वर्षीच्या तापापासून काकांना वास येणंच बंद झालं होतं, हे फक्त त्यांच्या बायकोला ठाऊक होतं. तव्यावर बोंबील करपले तरी त्यांना पत्ता नसायचा. तेव्हापासून ते रोज सगळ्यांच्या आधी येऊन पाइपाच्या प्रत्येक जोडाजवळ गंधकाची पेटती कांडी फिरवत. पांढरा धूर उठला की समजायचं, इथे गळती आहे.

आज मात्र कांडी खिशातच होती.

व्हॉल्व्ह बंद करून काका बाहेर आले, तेव्हा त्यांचे डोळे वाहत होते.

"अमोनिया झोंबला का हो?" मालकांनी विचारलं.

"झोंबणारच," म्हणत काकांनी बाजूला जाऊन घरी फोन लावला. "अगो, ऐकलंस का? वास आला!"

"कसला?"

"अमोनियाचा!"

"देव पावला हो," ती म्हणाली आणि रडायलाच लागली.