झांजेवर तोडलेले विचार

"ताई, यंत्राने पहिली ओळ वाचायलाच हवी होती," रुग्णालयातला तंत्रज्ञ मोहिते पडद्याकडे बघत म्हणाला.

गोदावरीचे वडील, कीर्तनकार दिगंबरबुवा, अर्धांगवायूनंतर बोलत नव्हते. मेंदूतली चिप त्यांचे विचार लिहून पाठवायची. एक विचार कोणत्या खुणेवर संपला असं धरायचं, ते ज्याने त्याने संदेशाच्या पहिल्या ओळीत सांगून ठेवायचं. बहुतेक जण सांगत, शांतता. बुवांनी सांगितला होता झांजेचा ठोका. मनात अखंड भजन चाललेल्या माणसाकडे शांतता कुठली असायला!

ते संदेश वाचणारं रुग्णालयातलं नवं यंत्र पहिली ओळ गाळून शांतताच शोधत बसलं. तीन आठवडे एकही विचार सुटा होईना, तेव्हा त्याने निदान दिलं: जाणीव उरलेली नाही. काल गोदावरीने सही केली, नळ्या निघाल्या आणि बुवा गेले.

"आता झांजेवर तोडून दाखवा," ती म्हणाली.

पडद्यावर ओळी उतरू लागल्या. जीभ कोरडी पडलीय. मृदंग उतरलाय, जरा चढवा रे. शेवटची ओळ कालचीच होती: गोदा, रडू नकोस, मी ऐकतोय, सही तेवढी करू नकोस.

"नोंद दुरुस्त करतो, ताई," मोहिते पुटपुटला.

"करा की. बाबा आता थोडेच तक्रार करणार आहेत?"