बोट वेळेआधी आली

दहाच्या ठोक्याला कप्तानाने वेगाचा दांडा शेवटपर्यंत ढकलला. खाली मिस्त्रीने थरथरणाऱ्या इंजिनावर हात ठेवला आणि म्हणाला, "बाई, आज लाज राख."

माणसं आणि मोटारी घेऊन ही बोट चाळीस मिनिटांत पैलतीरी पोचते, असं तिच्या अंगावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं. मालक चार झाले, प्रत्येकाने बारसं नव्याने केलं, ते वाक्य मात्र तसंच राहिलं. पहिल्याने डिझेल वाचवलं, दुसरा लाटांपायी होडीवाल्यांनी दिलेल्या शिव्यांना भ्याला, पुढच्यांच्या वेळेपर्यंत हळू जाणंच सगळ्यांच्या अंगवळणी पडलं. रोजचा प्रवास एक तास वीस मिनिटांचा. मिस्त्री बावीस वर्षं दर विक्रीत बोटीबरोबर सामानासारखा गेला होता, पण ती धावताना त्याने कधी पाहिली नव्हती.

आज सोक्षमोक्ष होता. वरच्या केबिनमध्ये नवा गिऱ्हाईक घड्याळ घेऊन बसला होता. पन्नास मिनिटांच्या आत पलीकडे दोर बांधला गेला, तर तो बोट घेऊन चालवणार होता. नाहीतर ती भंगारवाल्याची. भंगारवाला इतका निर्धास्त, की गॅसकटर टाकलेला टेम्पोच त्याने बोटीवर चढवला होता. डेकवर फिरत तो बोटाच्या पेराने पत्रा वाजवून बघत होता. तो आवाज ऐकून खाली मिस्त्री इंजिनावर हात फिरवत होता.

दहाव्या मिनिटाला तो आवाज थांबला. विसाव्या मिनिटाला भंगारवाल्याने कठडा मिठीत घेतला. जन्मभर त्याने बोटी तोडल्या होत्या, त्यातली एकही हलत नव्हती.

अडतिसाव्या मिनिटाला पलीकडचा धक्का आला. मिस्त्री धावत वर आला. धक्क्यावर चिटपाखरू नव्हतं.

दोर घ्यायचं काम मिस्त्रीच्या मेहुण्याचं. मिस्त्रीने फोन लावला.

"दाजी, आत्ता कुठे दाढीला बसलोय."

"अरे, बोट धक्क्याला आलीय!"

"खरं सांगा, बंद पडली ना?"

"आलीय म्हणतो ना! पळत ये!"

"दाजी, थट्टेलाही काही मर्यादा असते," असं म्हणून मेहुण्याने फोन ठेवला.

गेल्या वर्षी एका खलाशाचा पाय मोडल्यापासून, धक्क्यावर माणूस नसताना कोणी उडी मारायची नाही, असा कप्तानाचा सक्त नियम होता. बोट धक्क्यापासून हातभर अंतरावर डुलत राहिली. तिने मागे उठवलेल्या लाटा आता तिलाच येऊन भिडत होत्या. पंचेचाळीस झाली. सत्तेचाळीस. मिस्त्रीला कप्तानाच्या पाया पडावंसं वाटलं.

तेवढ्यात भंगारवाला उठला. त्याचा चेहरा शेवाळी झाला होता. नियम खलाशांना होता, त्याला नव्हता. दोराचा फास हातात घेऊन त्याने धक्क्यावर उडी टाकली, तो लोखंडी खुंटात अडकवला आणि खुंटाला मिठी मारून खाली बसला.

"एकोणपन्नास," गिऱ्हाईक म्हणाला. "बोट माझी."

मिस्त्री सगळ्यांसमोर रडला. आपण काय करून बसलो, हे भंगारवाल्याच्या बऱ्याच वेळाने लक्षात आलं. पण तोवर त्याला दुसरीच काळजी लागली होती. टेम्पो घेऊन परत जायचं ते याच बोटीने.

"मालक," तो क्षीण आवाजात म्हणाला, "जाताना जरा सावकाश न्याल?"

डिझेलच्या टाकीचा काटा कुठवर उतरलाय, ते नवा मालक वाकून बघत होता. बराच वेळ बघून तो म्हणाला, "मिस्त्री, परतीला हळूच घ्या."

मिस्त्रीने डोळे पुसले आणि मान डोलावली.

बरोबर अकरा वीसला मेहुणा गुळगुळीत दाढी करून आला. बोट दोराला बांधलेली पाहून तो दचकला. मग त्याला सगळं सांगितलं, अगदी मालकाच्या शेवटच्या हुकमापर्यंत. तेव्हा कुठे त्याचा जीव भांड्यात पडला.

"मग दाजी," तो म्हणाला, "उद्या नेहमीच्याच वेळेला येतो."