सिमेंटातला खुंटा

बहिणीचं बाळंतपण उरकून दोन महिन्यांनी परतले, तर गाईचा खुंटा सिमेंटात बसवलेला. "रोज उपटून दुसरीकडे ठोकायची कटकट मिटली," गवंडीकाम करणारे आमचे हे कौतुकाने म्हणाले. दोर पोचेल तेवढी जमीन खुरांनी तुडवून दगड झाली होती. गवताची काडी नव्हती, कालच्या पावसाचं पाणीही मुरायचं सोडून वरच साचलं होतं. दोराच्या पलीकडे मात्र गुडघाभर गवत माजलेलं, आणि तिकडे मान ताणून ताणून गाईचा गळा सोलवटलेला. "दूध आटलंय हिचं. विकून दुसरी आणू," हे म्हणाले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "दुसरी आणून बांधणार कुठे? या फरशीवरच ना?" मी गाईला गवतात सोडलं, दोराचं मोकळं टोक यांच्या हातात दिलं आणि पहार पुढ्यात टाकली. "खुंटा निघेपर्यंत तुमचंही ताट दोराच्या पलीकडेच वाढणार आहे मी."