वाचायचा दिवा

निवृत्तीनंतर भोईर गुरुजींनी एका जुन्या मिनीबसमध्ये पलंग, पंखा आणि छोटा फ्रिज, तर टपावर सोलर पॅनेल बसवून फिरतं घर तयार केलं. त्यात कुठली बॅटरी घालावी, हे विचारायला ते मुरबाडला जनाच्या दुकानात आले. जना त्यांची डोळखांबच्या शाळेतली विद्यार्थिनी.

"कधी गृहपाठ केला नाहीस, किती वेळा अंगठे धरून उभं केलं तुला! आणि आज मलाच शिकवतेस?" गुरुजी कौतुकाने म्हणाले.

जना हसली. "साधी बॅटरी अर्धीच वापरायची असते गुरुजी, नायतर लवकर खराब होते. लिथियम जवळजवळ पुरी वापरता येते. दोन दिवस ऊन नाय पडलं तरी रात्रीचा दिवा चालंल. पण महाग हाय."

"मग लिथियमच दे. मला झोपण्याआधी वाचायला लागतं. अंधारात माणूस वाचणार कसा?"

"नायच वाचता येत, गुरुजी," पावती लिहिता लिहिता जना सहज म्हणाली. "आमच्या पाड्यावर वीज आली, तवा मला शाळा सोडून दोन वर्षं झाली होती."

 

गुरुजींनी तिला चार वर्षं शिक्षा केली होती. गृहपाठ न होण्याचं कारण एकदाही विचारलं नव्हतं.